खंबाटकीत हीटर

सलग सुट्ट्या आल्या की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात खंबाटकी घाटाची बातमी ठरलेली असते. लांबच लांब रांगा, हैराण प्रवासी, पोलिसांची धावपळ, आणि शेवटाकडे एक वाक्य: 'काही वाहने गरम होऊन बंद पडल्याने कोंडीत भर पडली.' हे वाक्य मी इतकी वर्षं वाचत आलेय की ते छापखान्यात तयारच ठेवलेलं असावं असं वाटतं. त्या 'काही वाहनां'त बसलेल्या माणसांचं पुढं काय झालं, हे मात्र कुणी लिहीत नाही.

एका मे महिन्यात त्या वाहनांपैकी एक आमचं होतं, म्हणून मी लिहिते.

ज्यांच्या पायाखालचा हा रस्ता नाही त्यांच्यासाठी थोडं भूगोलाचं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळ गेलं, खंडाळा गेलं (हे लोणावळ्याजवळचं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं) की घाट लागतो. तेव्हा येताना बोगदा आणि जाताना घाट अशी वाटणी होती. कुंभार्ली किंवा वरंध्यासारखा हा दमवणारा घाट नाही. मोकळा मिळाला तर गप्पांच्या नादात कधी संपला तेही कळत नाही. पण तो मोकळा मिळत नाही. रांगेतली गाडी पहिल्या गिअरमध्ये दोन फूट चढते, थांबते, पुन्हा क्लच, पुन्हा दोन फूट. इंजिन राबत असतं आणि समोरून वारा नसतो. शंभराच्या वेगात जाळीतून आपोआप घुसणारी हवा इथं एकट्या पंख्याला ओढून आणावी लागते. त्यात एसी चालू, डिकी लग्नाच्या सामानाने भरलेली आणि वर मे महिना.

इंजिनाच्या आत काय चालतं याचे आकडे पाहिले तर गाडी गरम का होते यापेक्षा ती रोज गरम का होत नाही याचंच नवल वाटतं. जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जातं. ज्या अॅल्युमिनियमच्या हेडखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, हा जाळ होतो, ते अॅल्युमिनियम अगदी शुद्ध असलं तरी वितळतं ६६० अंशांना. जाळ क्षणभराचा असतो आणि धातूच्या पलीकडून सतत पाणी वाहत असतं, म्हणून हेड जागेवर राहतं. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाकं फिरवतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेल्यातला बहुतेक त्या पाण्याला उचलून बाहेर टाकावा लागतो. आमच्यासारख्या छोट्या पेट्रोल गाडीत हे पाणी असतं चार-पाच लिटर. म्हणजे एक कळशीसुद्धा नाही.

आणि ते नुसतं पाणी नसतं. त्यात निम्मं-शिम्मं ग्लायकॉल (पाणी लवकर गोठू-उकळू न देणारं द्रव्य) असतं, गंज रोखणारी द्रव्यं असतात आणि सगळं दाबाखाली असतं. प्रेशर कुकरची शिट्टी जे करते तेच रेडिएटरच्या, म्हणजे हे पाणी गार करणाऱ्या जाळीच्या, झाकणातली स्प्रिंग करते. त्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो साधारण हवेच्या दाबाच्या पटीत असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबावर जवळजवळ तेवढाच आणखी दाब आत राहतो, आणि ०.९च्या झाकणाखाली साधं पाणीदेखील ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण नसतं तर महाबळेश्वरच्या उंचीवर तेच पाणी ९५-९६ अंशांनाच उकळ्या मारू लागलं असतं. म्हणून गळती ही दुहेरी भानगड आहे. पाणी जातं ते तर दिसतं, पण दाबही जातो आणि उरलेलं पाणी लवकर उकळायला लागतं.

तर कराडला आत्याच्या दिराच्या नातीचं लग्न होतं. मी गाडी चालवत होते. शेजारी भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पण कॉम्प्युटरच्या. मागे आत्या आणि तिच्या मांडीवर एक पिशवी. पिशवीत घरी दळलेली हळद, कारण बाजारातली हळद नवरीला लावू नये असं आत्याचं ठाम मत आहे आणि आत्याची मतं आमच्या घरात कुणी तपासून बघत नाही.

आधी एसीने माघार घेतली. वारा येत होता, पण गार नव्हता. हे पुष्कळांना माहीत नसतं: इंजिन प्रमाणाबाहेर तापायला लागलं की बऱ्याच गाड्या स्वतःच एसीचा कॉम्प्रेसर बंद करतात. आपण मात्र बटणाशी खेळत बसतो, गॅस संपला असेल म्हणतो. मग आत्या म्हणाली, "कुणी पाक उकळतंय का गं जवळपास? गोड वास येतोय." तो ग्लायकॉलचा वास होता. मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. एरवी मध्यावर झोपलेला असतो तो जागा होऊन वर निघाला होता.

या काट्याबद्दल एक तक्रार नोंदवते. हल्लीचे काटे खरं बोलत नाहीत. ग्राहकाने घाबरू नये म्हणून तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात ते मध्यावरच धरून ठेवलेले असतात. काटा हलला म्हणजे प्रकरण आधीच हाताबाहेर चाललेलं असतं. काही नव्या गाड्यांत तर काटाच नाही. गार असताना निळा दिवा, जळायला आल्यावर लाल, मधल्या अवस्थेला काही नाही.

बाजूला घ्यायला जागा नव्हती. डावीकडे कठडा, उजवीकडे ट्रक, मागे हॉर्न. अशा वेळी करायचं असतं ते मी केलं: एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण उघडून पंखा सर्वांत जोरात. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे लपवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं उकळतं पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्याची उष्णता आपल्या अंगावर टाकतो. इंजिनाला तेवढाच हातभार.

"अगं, मे महिन्यात हीटर?" आत्या म्हणाली.

"आजी, इंजिनला ताप आलाय, तो आपण वाटून घेतोय," भाचा म्हणाला. पोरगा तसा बरा आहे.

काटा थोडा उतरला. आमचे चेहरे लाल, कपाळावरून धारा. पुढच्या वळणापर्यंत असंच गेलं. आणि मग भाचा आनंदाने ओरडला, "मावशी, गार वारा यायला लागला!"

गरम इंजिनाच्या हीटरमधून गार वारा येणं ही त्या प्रवासातली सर्वांत वाईट बातमी होती. हीटरपर्यंत पाणी पोचत नव्हतं, कारण पोचायला पाणीच उरलेलं नव्हतं. पाठोपाठ काटाही खाली आला आणि मला धस्स झालं. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच त्याचं खरं. पाणी गेलं आणि तो नुसत्या हवेत राहिला की तो काहीही सांगतो. इंजिन भाजत असताना काटा शांत, हीटर गार, असा हा फसवा सुखाचा क्षण असतो, आणि 'चला, उतरलं बाई' म्हणून त्यात पुढं गेलेल्यांची हेड वाकतात. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. खाली बिडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड, मध्ये कागदासारखी पातळ गॅस्केट. दोघं वेगवेगळ्या मापाने पसरायला लागले की भांडण गॅस्केटवर निघतं. मग ऑइलमध्ये पाणी, पाण्यात ऑइल आणि मेकॅनिकच्या तोंडी 'हेड उतरवावं लागंल' हे वाक्य.

कठडा जरा रुंद झाला तिथं मी गाडी घातली आणि इंजिन बंद केलं. मागच्या हॉर्नकडे लक्ष दिलं नाही.

बॉनेटखालून वाफ येत होती. भाचा उतरून बॉनेट उघडायला धावला तेवढ्यात पुढं थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली आला. सांगली पासिंगची गाडी, गळ्यात पंचा. "झाकनाला हात लावू नका," तो लांबूनच म्हणाला. "त्वांड भाजंल."

खरं होतं. आतलं पाणी शंभराच्या वर तापूनही दाबामुळे पाणी राहिलेलं असतं. झाकण फिरवलं, दाब गेला, की त्याच क्षणी त्यातल्या काहीची वाफ होते आणि ती उरलेलं पाणी घेऊन तोंडावर येते. गॅरेजवाल्यांच्या हातांवर त्या डागांचे इतिहास असतात.

"किती वेळ थांबावं लागेल?" मी विचारलं.

"गाडीला काय घड्याळ हाय? वरच्या पायपाला हात लावून बघायचा. धरवला तर उघडायचं, न्हाई तर बसायचं."

मग आम्ही बसलो. आणि बसणं हे त्या सगळ्यातलं अवघड काम होतं. शेजारून सरकणाऱ्या प्रत्येक गाडीतून एक सल्ला येत होता. 'थंड पाणी मारा इंजिनवर.' (मारू नका, तापलेल्या धातूला तडा जाऊ शकतो.) 'आत ओता पटकन.' 'तशीच न्या, उतारावर गार होईल.' एकाने तर गाडीतूनच आमचा व्हिडिओ काढला. ट्रकवाला यांपैकी काही म्हणाला नाही. तो कठड्यावर बसून तंबाखू मळत होता. त्याच्या ट्रकला काही झालेलं नव्हतं. तो थांबला होता, कारण पुढं रस्ताच नव्हता, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

मला लहानपणचे एसटीचे घाट आठवले. घाटमाथ्यावर गाडी थांबली की ड्रायव्हर उतरायचा, कुठल्याशा टाकीवरून डबा भरून आणायचा आणि रेडिएटरला पाणी पाजायचा. आम्ही उतरायचो, काकडी खायचो, कुणाला तरी उलटी व्हायची. त्या थांबण्याबद्दल कुणी तक्रार करत नसे. ते वेळापत्रकात लिहिलेलं नसलं तरी धरलेलं असे. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही उन्हाळ्यात बॉनेट पहिल्या खटक्यावर अर्धवट उघडं ठेवून फिरायच्या. इंजिन तापतं ही लाजेची गोष्ट नव्हती. बैल तहानतो, तसं इंजिनही तहानतं, एवढंच.

मुळात मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हाच पाण्याच्या शोधातला प्रवास होता. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला, म्हणजे माहेरी, निघाल्या. नवऱ्याला न सांगता, नवऱ्याने बनवलेली तीनचाकी घेऊन. अंतर शंभरेक किलोमीटर. त्यांनी वाटेत औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्याहून जास्त वेळा त्या थांबल्या असतील त्या पाण्यासाठी. त्या गाडीत पाणी फिरून परत येण्याची सोय नव्हती. ते उकळून वाफ होऊन जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. संपलं की पुन्हा भरा. विहीर, ओढा, मिळेल तिथून. पुढं १९००-०१च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीझसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा रेडिएटर केला, थोडंसं पाणी पुन्हा पुन्हा गार करून वापरता येऊ लागलं आणि मोटारीला रस्त्यातल्या विहिरींची गरज हळूहळू उरली नाही. फार चांगलं झालं. फक्त पाणी संपलं तर काय करायचं हेही आपण विसरलो. आमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्याचं उत्तर एका वाक्यात आहे: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. खंबाटकीच्या कठड्यावर त्या दिवशी रेंजही नव्हती.

रांगेत पाण्याच्या बाटल्या विकणारा एक मुलगा आला. आम्ही त्याच्याकडच्या सगळ्या बाटल्या घेतल्या. एवढं मोठं गिऱ्हाईक आणि पीत कुणीच नाही, हे बघून तो उभाच राहिला. बोअरच्या पाण्यापेक्षा हे बरं. बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार आत पापुद्र्यासारखे बसतात. अडचणीत मात्र कुठलंही चालतं, पुढं सगळं काढून धुवायचं.

पाइप हाताला धरवायला लागल्यावर ट्रकवाल्याने स्वतःचा पंचा झाकणावर टाकला, पाव फेरा फिरवला आणि थांबला. बारीक सुस्कारा निघाला. तो संपल्यावर पूर्ण उघडलं. आत अंधार. बाटल्यांमागून बाटल्या गेल्या. तो हळूहळू ओतायला सांगत होता, मध्येच वरचा पाइप दाबायचा, बुडबुडे यायचे, पातळी खाली जायची, पुन्हा ओतायचं. आत अडकलेली हवा काढली नाही तर पाणी फिरत नाही, हे भाच्याला त्याने एकदाच सांगितलं आणि भाच्याने फोन खिशात ठेवला.

"हळद हाय का?" मध्येच त्याने विचारलं.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही युक्ती जुनी आहे. रेडिएटर बारीक गळत असेल तर त्यात मूठभर हळद टाकतात. ती फुगते, पाण्याबरोबर फिरत गळतीच्या भोकाशी जाऊन बसते आणि ते बुजवते. जुन्या पितळी, रुंद नळ्यांच्या रेडिएटरला ती चालून जायची. आताच्या नळ्या चपट्या आणि अरुंद, हीटरच्या तर आणखी बारीक. हळद भोक शोधेलच असं नाही, वाटेतही बसेल.

पण हा तांत्रिक मुद्दा मांडायची वेळच आली नाही. आत्याने पिशवी छातीशी धरली. "ही नवरीची आहे. गाडीला नाही मिळणार."

ट्रकवाला हसला. "मग ऱ्हाऊ द्या. झाकन अर्धंच लावा. दाब बसनार न्हाई, गळंल कमी. उतारापर्यंत दम धरा, खाली गॅरेज हाय." हा सौदा होता आणि त्याला तो नीट कळत होता: दाब नाही म्हणजे गळती कमी, पण पाणी शंभरालाच उकळणार. उरलेला चढ थोडा होता आणि रांग हलायला लागली होती. पैसे त्याने घेतले नाहीत. आत्याने त्याला लाडू दिले, ते घेतले.

सुरूर फाट्याजवळच्या गॅरेजमध्ये पाणी पुन्हा भरलं, ऑइलची काडी काढून पाहिली. ऑइल स्वच्छ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. हेड वाचलं होतं. कराडला हळदीचा कार्यक्रम संध्याकाळचा होता. हळद वेळेत पोचली.

पुढचा भाग घाटातल्यापेक्षा चीड आणणारा. पुण्यात परत आल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली. त्यांनी कूलंट (तेच ग्लायकॉलचं पाणी) भरलं, बिल दिलं आणि 'नो लीकेज फाउंड' असा शेरा मारला. थोड्याच दिवसांत कूलंटच्या बाटलीतली पातळी पुन्हा खाली. पुन्हा नेली, पुन्हा तोच शेरा. मीही रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा टाकून बघत होते, पुठ्ठा कोरडा. पाणी जात होतं हे नक्की आणि कुठून ते कुणालाच दिसत नव्हतं.

शेवटी नाना पेठेतल्या एका रेडिएटरवाल्या चाचांकडे गेले. त्यांच्या दुकानात बसायला जागा नाही, सगळीकडे जुने रेडिएटर भिंतीला टेकवलेले. त्यांनी झाकण काढलं, त्या जागी एक हातपंप बसवला, त्याला दाब दाखवणारं घड्याळ, आणि दाब एकपर्यंत चढवला. मग ते चहा प्यायला बसले. चहा संपेपर्यंत घड्याळाचा काटा उतरला होता. टॉर्च घेऊन त्यांनी रेडिएटरच्या बाजूला बोट दाखवलं. वरची टाकी प्लॅस्टिकची, जाळी अॅल्युमिनियमची, दोघांना जोडणारी घडी. त्या घडीशी एक केसाएवढी चीर आणि तिच्याभोवती वाळलेला गुलाबी थर. "गाडी थंडी असली की ही बंद. गरम झाली, प्रेशर आलं, की उघडते. आणि गरम पत्र्यावर पानी पडतं ते तिथंच सुकतं. खाली थेंब येनार कसा?"

म्हणजे माझा पुठ्ठा प्रामाणिकपणे कोरडा होता. थंड इंजिनात ही गळती नव्हतीच.

चाचांच्या वडिलांच्या काळात रेडिएटर तांब्या-पितळेचे होते. गळला की डाग द्यायचा, नळी चोंदली की टाकी उघडून आतून पातळ पट्टी फिरवायची, त्याला रॉडिंग म्हणत. एकच रेडिएटर दहा-दहा वेळा दुकानात यायचा आणि ट्रकइतकाच जगायचा. आता प्लॅस्टिक तडकतं, डाग लागत नाही, एम-सील लावून चार दिवस ढकलता येतात, मग अख्खा नवा. "रिपेरिंगवाला होतो, आता मी पन दुकानदार झालो," चाचा म्हणाले. तक्रारीच्या सुरात नव्हे. नव्या रेडिएटरबरोबर झाकणही त्यांनी बदलायला लावलं. जुन्या झाकणाचं रबर कडक झालं होतं. इतक्या महागड्या यंत्राचं सगळं त्या एवढ्याशा झाकणावर अवलंबून असतं आणि सर्व्हिसच्या लांबलचक यादीत त्याचं नाव मी कधी पाहिलं नव्हतं.

कूलंटचा रंग कुठला घालायचा, यावर आमची थोडी वादावादी झाली. मी म्हटलं, गुलाबी होतं, गुलाबीच घाला. चाचा म्हणाले, रंग बघू नका, डब्यावर काय लिहिलंय ते बघा. बरोबर होतं त्यांचं. रंग हा नुसता रंग. एका कंपनीचा हिरवा आणि दुसऱ्या कंपनीचा हिरवा आतून वेगळे असू शकतात, आणि वेगळ्या जातीचे एकत्र झाले तर त्यातली गंजरोधक द्रव्यं एकमेकांचं काम बिघडवतात, कधी चिखलासारखा गाळ धरतो. काढलेलं जुनं पाणी त्यांचा मुलगा रस्त्याच्या कडेला ओतायला निघाला, तेव्हा चाचांनी त्याला हाक मारून थांबवलं आणि कॅनमध्ये भरायला लावलं. ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेलं तर मूत्रपिंडांचा घात करणारं. गल्लीतलं एक कुत्रं त्यापायी गेलं होतं म्हणे.

निघताना एक इलेक्ट्रिक गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. मालक उतरला आणि जरा संकोचून म्हणाला, "चाचा, हिच्यात पण कूलंट कमी होतंय."

बॅटरी गार ठेवायला तिच्यातही ग्लायकॉलचं पाणी फिरतं, छोटा रेडिएटर असतो, पंप असतो. चाचांनी बॉनेट उघडायला लावलं, नारिंगी जाड वायरी बघितल्या आणि दोन पावलं मागे सरकले. मग मान वाकडी करून बाटलीचं झाकण, पाइप, क्लिपा बघत राहिले.

"पंप लावून बघू का?" मुलाने विचारलं.

"आधी कंपनीला फोन लाव," चाचा म्हणाले. "वायर कुठली बंद करायची ते विचार. गळती मग मी शोधतो."